रुजू होण्याआधीचं पुस्तक

माझ्या सासूबाई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गावात सगळे त्यांना अजून 'बाई'च म्हणतात आणि त्याही गावाला अजून आपला वर्गच समजतात. वाटेत एखाद्या टपरीवर 'शितपेये' असं लिहिलेलं दिसलं की त्या पाटीसमोर उभ्या राहतात. काही बोलत नाहीत, नुसत्या उभ्या राहतात. टपरीवाला त्यांचाच विद्यार्थी असतो. दुसऱ्या दिवशी पाहावं तर शी दीर्घ झालेली असते.

आमचं घर तारकर्लीच्या अलीकडे, माडांच्या बागेत. पुढच्या अंगाला पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्या आहेत, त्यांचं मी बघते. नवरा होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. सासरे जाऊन काही वर्षं झाली. घरात आम्ही तिघंच, आणि तिघांपैकी वाचणाऱ्या दोघी. गावच्या वाचनालयातली पुस्तकं सासूबाईंची केव्हाच वाचून झाली होती. नवीन येत नव्हती. त्यामुळे त्या माझ्या हातातलं पुस्तक माझं व्हायच्या आधी पळवायच्या आणि पेन्सिलीने छपाईच्या चुका दुरुस्त करून परत द्यायच्या.

देहदानाचं खूळ (हा शब्द माझ्या नवऱ्याचा) त्यांच्या डोक्यात एका व्याख्यानाने शिरलं. महिला मंडळाने वार्षिक कार्यक्रमाला मेडिकल कॉलेजातल्या एक मॅडम बोलावल्या होत्या. त्या शरीररचना शिकवतात हे मंडळाला ठाऊक नव्हतं. मंडळाच्या डोक्यात रक्तदाब आणि गुडघेदुखी होती. मॅडम देहदानावर बोलायला लागल्या तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायका पदर सावरून एकमेकींकडे बघू लागल्या. एकदोघी चहाचं बघायला म्हणून उठल्या त्या परत आल्याच नाहीत. सासूबाई मात्र मागच्या रांगेतून उठून पुढच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसल्या. मॅडम म्हणाल्या होत्या, "दान केलेला देह हा आमच्या विद्यार्थ्यांचा पहिला शिक्षक असतो."

हे वाक्य मॅडम बहुधा प्रत्येक व्याख्यानात म्हणत असतील. इतक्या गांभीर्याने ते आधी कुणी घेतलं असेल असं मला वाटत नाही.

अर्जावर जवळच्या नातेवाइकाची सही लागत होती. नवरा दुपारी जेवायला आला तेव्हा ताटाशेजारी अर्ज ठेवलेला.

"आये, ह्या काय?"

"देहदानाचो अर्ज. हयसर सही कर."

"कित्याक?"

"नातेवाइकाची लागता."

"तसा नाय. देहदान कित्याक?"

"शिकवूक," सासूबाई म्हणाल्या.

"इतकी वर्सा शिकवलंस, ता पुरे झाला नाय?"

"सवय लागली आता."

त्याने सही केली. आईने पुढे केलेल्या कागदावर सही न करण्याची हिंमत आमच्या घरात कुणाकडेच नाही. पण अर्धं जेवण टाकून तो उठला आणि किनाऱ्यावर निघून गेला. माझ्याकडे मात्र संध्याकाळी त्याने मन मोकळं केलं. "माझ्याकडे इंजिन येता ना, तेच्याआधी पोरांनी हातोडी मारून बघितलेला आसता. हय पान्हो घाल, थय ठोक. तसाच करतले ते आयेचा." त्यानंतर त्या विषयावर मायलेकांत एक अक्षर बोललं गेलं नाही.

अर्ज द्यायला आम्ही दोघी माझ्या स्कूटरवरून गेलो. कॉलेज किनाऱ्यापासून आत, तासाभराच्या वाटेवर. मॅडमनी चहा पाजला, ओळखपत्रासारखं एक कार्ड दिलं आणि ते नेहमी जवळ ठेवायला सांगितलं. सासूबाईंनी विचारलं, "अभ्यासक्रम कोणता आहे?" मॅडमना वाटलं, आजी सहज विचारताहेत. त्यांनी पहिल्या वर्षात काय काय शिकवतात ते थोडक्यात सांगितलं आणि एका पुस्तकाचं नाव घेतलं. विद्यार्थी ते पुस्तक समोर उघडं ठेवून टप्प्याटप्प्याने विच्छेदन करतात, असं त्या म्हणाल्या. सासूबाईंनी नाव दोनदा म्हणून घेतलं. बाहेर पडल्यावर मी स्कूटरकडे वळले आणि त्या जिन्याकडे. जिन्यावर बाणाची खूण होती आणि 'ग्रंथालय' असं लिहिलं होतं.

ग्रंथपाल परभणीकडचे, चाळिशीतले गृहस्थ. बदली होऊन आले होते आणि कोकणची दमट हवा त्यांना मानवत नसावी, कारण बोलताना ते सारखी मान पुसत. आम्हाला दारात बघून ते सवयीने म्हणाले, "आजी, बाह्यरुग्ण विभाग खाली आहे."

"मी रुग्ण नाही," सासूबाई म्हणाल्या. कचेरीत गेलं की त्यांची मालवणी उंबऱ्यापाशी थांबते आणि शाळेतली मराठी आत जाते.

"मग कुणाला भेटायचंय?"

"पुस्तकाला."

ग्रंथपालांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तोवर सासूबाईंनी चष्मा बदलून दाराशेजारचा फलक वाचायला घेतला होता. ग्रंथालयाचा वापर कोण करू शकेल, कुणाला किती पुस्तकं आणि किती दिवसांसाठी मिळतील, सगळं त्यावर लिहिलं होतं. विद्यार्थी, शिक्षक, शिकाऊ डॉक्टर, परिचारिका, कर्मचारी. शिक्षकांना सर्वांत जास्त पुस्तकं आणि सर्वांत जास्त दिवस.

"परिचारिकामधली पहिली री ऱ्हस्व पाहिजे," त्या म्हणाल्या. ग्रंथपाल उठून बाहेर आले, फलक पाहिला आणि मान डोलावली. "करून घेतो."

"आणि माझं नाव शिक्षकांत घाला."

"कुठं शिकवता तुम्ही?"

"इथेच. शिकवणार आहे."

"असं का," ग्रंथपाल एकदम आदराने म्हणाले. त्यांनी सासूबाईंच्या पांढऱ्या केसांकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि बहुधा मानद प्राध्यापक वगैरे काहीतरी असेल असा विचार केला. खुर्ची पुढे सरकवली. "कधी रुजू होताय?"

"ते माझ्या हातात नाही."

"बरोबर आहे. ऑर्डरी अडकतात मंत्रालयात. माझी आठ महिने अडकली होती."

"माझी मंत्रालयाच्याही वर अडकली आहे," सासूबाई म्हणाल्या आणि पिशवीतून कार्ड काढून त्यांच्यासमोर ठेवलं.

ग्रंथपालांनी ते वाचलं. मग ते उभे राहिले. का उभे राहिले ते त्यांनाही कळलं नसावं, कारण जरा वेळाने ते पुन्हा बसले आणि मान पुसायला लागले.

"पण आजी, हे दान झालं. शिक्षक म्हणजे नेमणूक झालेले."

"बाई म्हणा. तुमच्याच मॅडम म्हणाल्या, पहिला शिक्षक. भर कार्यक्रमात, माइकवर म्हणाल्या. ही साक्षीला आहे."

मी मान हलवली. ते खरं होतं.

"पण तुम्ही अजून रुजू झालेल्या नाहीत की."

"रुजू झाल्यावर मला वाचता येणार नाही."

ग्रंथपालांनी कार्ड उचलून पुन्हा एकदा वाचलं. ते माणूस म्हणून सज्जन आणि नोकर म्हणून नियमाचे पक्के होते, आणि त्या दोघांचं आपसात काय बोलणं चाललंय ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शेवटी ते म्हणाले की पुस्तक घरी देता येणार नाही, ते अधिकार त्यांना नाहीत. पण पाहुणा वाचक म्हणून इथे बसून वाचायला हरकत नाही. येताना ओळखपत्र आणायचं आणि पिशवी बाहेर ठेवायची.

"ठीक आहे," सासूबाई म्हणाल्या. "आज वाचते. घरी न्यायचं पुढच्या वेळी बघू."

त्यानंतर दर बुधवारी माझी फेरी ठरली. खोल्यांसाठीच्या चादरी, साबण, डाळी असं सामान मी त्याच बाजूला घ्यायला लागले. इकडच्यापेक्षा ते स्वस्त होतं असं नाही, पण बुधवार सार्थकी लावायला काही कारण हवं होतं. सासूबाईंना ग्रंथालयाच्या दारात सोडायचं आणि दोन तासांनी उचलायचं. आत वाचायच्या खोलीत एसी इतका की त्या उन्हाळ्यात शाल घेऊन जायच्या. शेजारी इंग्रजी-मराठी शब्दकोश. पुस्तक इंग्रजीत, त्यातले निम्मे शब्द लॅटिन. लॅटिन शब्द शब्दकोशात सापडला नाही की त्या शेजारच्या मुलाला विचारायच्या, आणि त्यालाही आला नाही की त्या त्याच्याकडे अशा बघायच्या की तो बिचारा दुसऱ्या कपाटाकडे निघून जायचा.

एकदा मी लवकर पोहोचले. सासूबाईंसमोर एक दांडगा मुलगा पुस्तकावर डोकं ठेवून झोपला होता. त्यांनी पेन्सिलीने टेबलावर टकटक केलं. मुलगा ताडकन उभा राहिला आणि म्हणाला, "येस मॅम." मग समोर नऊवारीतल्या आजी पाहून त्याला काही उलगडेना, पण तो बसलाही नाही. सासूबाईंनी बोटाने 'बस' अशी खूण केली तेव्हा बसला आणि वाचायला लागला. ग्रंथपाल कोपऱ्यातून हे बघत होते. नंतर मला हळूच म्हणाले, "बाई आल्या की रीडिंग रूम शांत राहते हो." ते आजीवरून बाईंवर आले होते हे माझ्या लक्षात आलं.

पण वाचन पुढे सरकत नव्हतं. दोन तासांत दीड पान. त्यात सासूबाईंना दुपारी आडवं व्हायची सवय, तिथे आडवं कुठे होणार. शाल घेऊनही सर्दी व्हायची. आणि दर बुधवारच्या पानाचा परिणाम पुढच्या बुधवारपर्यंत घरात टिकायचा. मानेच्या नसांचं पान वाचून आल्या तो आठवडा त्यांनी मान वळवलीच नाही, सगळ्या अंगानिशी वळायच्या. यकृताच्या आठवड्यात माझ्या नवऱ्याच्या जिभेकडे त्यांची नजर. तो एकदा वैतागून म्हणाला, "तुका काय वाचूचा ता वाच, पण माका तोंड उघडूक सांगा नको."

गावात बातमी पोहोचायला वेळ लागत नाही. आमच्याकडे रोज मासे घेऊन येणारी कोळीण एक दिवस टोपली उतरवून पायरीवर बसली ती उठेचना. साडी गुडघ्यापर्यंत वर घेऊन म्हणाली, "बाई, तुमी डॉक्टरी शिकतास म्हणान ऐकलंय. ह्यो बघा."

"डॉक्टरी नाय गो," सासूबाई म्हणाल्या. "डॉक्टर होवचा नाय माका. माका फळो होवचो आसा. पोरां शिकतली, ती माझ्यावर."

कोळणीने थोडा विचार केला. "फळो व्हा नायतर खडू व्हा, बाई. पयलो माझो गुडघो बघा."

सासूबाईंनी बघितला. गुडघ्याचं पान अजून आलेलं नव्हतं, पण तसं त्या कबूल करणार नव्हत्या. सरकारी दवाखान्यात जायला सांगून त्यांनी तिला तेलाची वाटी दिली. ती तेवढ्यावर खूश होऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीला घेऊन आली. तेव्हा मी सासूबाईंना म्हटलं की हे असं चाललं तर माझ्या पर्यटकांना बसायला पायरी उरणार नाही.

"म्हणूनच पुस्तक घरी पाहिजे," त्या म्हणाल्या. त्याचा याच्याशी काय संबंध ते मला कळलं नाही, पण त्याच दुपारी त्यांनी ग्रंथालय समितीच्या नावे अर्ज लिहायला घेतला. अर्ज कसला, निबंधच तो. समास सोडलेला, परिच्छेद पाडलेले, अक्षर असं की फळ्यावर लिहिल्यासारखं. मुद्दा मात्र एकच. ज्या वर्गाला शिकवायचं त्या वर्गाचं पुस्तक शिक्षकाला आधी मिळायला हवं, आणि तेही घरी, कारण तयारी घरी करायची असते.

समितीने त्यांना बोलावून घेतलं. बहुधा अर्जदार कोण आहे ते बघायची उत्सुकता असावी. मीही बरोबर गेले. गोल टेबलाभोवती कॉलेजचे अधिष्ठाता, आपल्या शरीररचनेच्या मॅडम आणि औषधशास्त्राचे एक वयस्कर प्राध्यापक, आणि टिपणं घ्यायला ग्रंथपाल. ग्रंथपालांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

अधिष्ठात्यांनी सुरुवात गोड शब्दांत केली. संस्थेला आपल्या औदार्याबद्दल आदर आहे, पण बाहेरच्या लोकांना पुस्तकं घरी देण्याची तरतूद नाही.

"मी बाहेरची कशी?" सासूबाईंनी विचारलं. "तुमचे विद्यार्थी पाच वर्षांनी जाणार. तुमची बदली होणार. मी आले की कुठे जाणार आहे?"

अधिष्ठात्यांनी पाण्याचा ग्लास उचलला.

औषधशास्त्राचे प्राध्यापक जरा कोरडे होते. ते म्हणाले, "बाई, तुमच्या भावना समजतात. पण व्यवहार बघा. पुस्तक महागडं असतं. तुमचं वय झालेलं. पुस्तक तुमच्याकडे असताना, म्हणजे, समजा, काही बरंवाईट झालं तर?"

"तर काय," सासूबाई म्हणाल्या, "दोन्ही एकदम येतील."

ग्रंथपालांच्या हातातलं पेन खाली पडलं. मॅडम तोंडाला रुमाल लावून खिडकीकडे बघायला लागल्या. अधिष्ठात्यांचं पाणी नाकात गेलं असावं, कारण ते बराच वेळ खोकत होते. औषधशास्त्राचे प्राध्यापक तेवढे हसले नाहीत. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "आणि तेवढ्यात पुस्तकाची मुदत उलटून गेली असेल तर?" मला वाटतं हा प्रश्न त्यांनी खरोखर माहितीसाठी विचारला होता.

मग मॅडम बोलल्या. त्या म्हणाल्या की 'पहिला शिक्षक' हे आपण दरवर्षी विच्छेदन सुरू करण्याआधी मुलांना शपथ देताना म्हणतो. आजवर एकाही पहिल्या शिक्षकाने आपल्याकडे काही मागितलं नाही. एकाने मागितलंय, तेही क्रमिक पुस्तक, तर आपण ते देऊ नये हे मला बरोबर वाटत नाही.

ठराव झाला. देहदात्यांसाठी 'मानद शिक्षक-वाचक' अशी नवी वर्गवारी. एका वेळी एक पुस्तक, पंधरा दिवसांसाठी. सासूबाईंनी ठरावाचा मसुदा मागून घेतला, 'वर्गवारि' दुरुस्त केलं आणि परत दिला. खरं तर फलकावर शिक्षकांना मिळतात तेवढी सगळी पुस्तकं त्यांना हवी होती, पण मी टेबलाखालून त्यांचा हात दाबला.

पुस्तक मांडीवर घेऊन त्या स्कूटरवर मागे बसल्या तेव्हा त्याचं वजन मला हँडलवर जाणवत होतं. घरी आल्यावर आधी त्याला खाकी कागदाचं कव्हर घातलं. लेबल चिकटवलं. त्यावर नाव मात्र घातलं नाही. म्हणाल्या, "माझा नाय ता."

अडचण झाली ती माझी. आमच्याकडे तेव्हा पुण्याचं एक कुटुंब उतरलं होतं. सकाळी पडवीत घावणे आणि चटणी वाढली, आणि शेजारच्या खुर्चीत सासूबाई अभ्यासाला बसल्या. चित्रं रंगीत होती. खांद्यापासून मनगटापर्यंत कातडी सोडवलेला हात, लाल, पांढरा, निळा. पाहुण्यांतल्या बाईंनी पहिला घावणा खाल्ला, दुसऱ्याच्या वेळी नजर पुस्तकाकडे गेली आणि त्यांनी खुर्ची अलगद समुद्राकडे फिरवली. थोड्या वेळाने त्यांच्या मिस्टरांनीही फिरवली. जाताना अभिप्रायाच्या वहीत त्यांनी समुद्राचं दृश्य फार छान दिसतं असं लिहिलं.

मग मी सासूबाईंना मागच्या अंगणात, पाणी तापवायच्या चुलीशेजारी जागा करून दिली. नवरा किनाऱ्यावरून येतो तो मागच्या दाराने. हात ग्रीसने काळे झालेले असतात, ते तिथल्याच दगडावर घासून धुतो. त्या दुपारी मी स्वयंपाकघरात मासे तळत होते आणि मला खिडकीतून दोघं दिसत होती. सासूबाई पुस्तक उघडं ठेवून डोळे मिटून बसल्या होत्या. त्याने हात धुतले आणि पुसता पुसता पुस्तकाकडे बघितलं. मग आणखी जवळ जाऊन बघितलं. गुडघ्याचं चित्र होतं.

"ह्या कोणी काढल्यान?" त्याने विचारलं.

सासूबाईंनी डोळे उघडले. "चित्र? आसतले कोणीतरी. नाव मागे आसा."

"चांगला काढल्यान. सगळो जोड दिसता." तो उकिडवा बसला. "ही दोरी कसली? आडवी?"

त्यांनी नाव वाचून दाखवलं. त्याने ते म्हणायचा प्रयत्न केला नाही. बोटाने हवेत रेघ ओढत म्हणाला, "म्हणजे ही ताणली की पाय पुढे जायत नाय. बरा. आणि ह्या काय लिवलेला आसा खाली?"

"पयला खय कापूचा, किती खोल, मगे काय बाजूक करूचा, ता सगळा. पायरी पायरीन."

तव्यावरचा मासा उलटायचा मी विसरले होते.

"पुस्तक बघून उघडतत?"

"पुस्तक बाजूक ठेवन उघडतत. आणि मॅडम उभी आसता."

"हातोडी नाय."

"हातोडी कित्याक रे?"

त्याने मान हलवली. पुढचं पान त्याने स्वतःच उलटलं, करंगळीने, कारण बाकीच्या बोटांचा त्याला भरवसा नव्हता. तीनचार पानं बघून झाल्यावर विचारलं, "आणि सगळा बघून झाल्यार परत जोडतत?"

सासूबाईंनी जरा वेळ घेतला. वर्गात एखाद्या पोराने अवघड विचारलं की त्या असाच वेळ घेत असतील.

"नाय," त्या म्हणाल्या. "जोडणत नाय."

तो उठला, पुन्हा एकदा हात धुतले, जे धुतलेलेच होते, आणि आत जेवायला आला. मासा एका बाजूने करपला होता. तरी तो पुरता जेवला, आणि जेवताना आईला हाक मारून विचारलं की ती अजून का येत नाही, कढी निवतेय.

त्यानंतर तो रोज दुपारी पाच-दहा मिनिटं चुलीपाशी बसायला लागला. ती शब्दकोश बघून अर्थ सांगायची आणि तो इंजिनात तसलं काय असतं ते सांगायचा. कधी दोघांचं जुळायचं, बहुतेक वेळा जुळायचं नाही. हृदयाच्या पानावर तर दोन दिवस वाद चालला, कारण त्याच्या मते झडपांची मांडणी चुकलेली होती आणि अशा मांडणीने कुठलंही इंजिन वर्षभरसुद्धा चालणार नाही. "माझा सत्तरच्या वर चालला मा?" सासूबाईंनी विचारलं. तेव्हा तो म्हणाला, नशीब.

पुस्तक परत द्यायच्या दिवशी सासूबाईंना बारीक ताप होता. त्यांना मुदत चुकवायची नव्हती. औषधशास्त्राच्या प्राध्यापकांना आनंद होईल, म्हणाल्या. मला पाहुणे सोडून निघता येत नव्हतं. नवरा आपणहून म्हणाला, "मी देवन येतंय." कॉलेजचं नाव काढलं की महिनोन्‌महिने ज्याचा चेहरा उतरायचा तो माणूस, खाकी कव्हरातलं पुस्तक आणि आईचं कार्ड पिशवीत घालून, स्वच्छ शर्ट घालून निघाला. जाताना मी सांगितलं की ग्रंथपाल भले आहेत, पण नियमाचे आहेत.

तो तिसऱ्या प्रहरी परत आला. पिशवी तेवढीच जड होती.

सासूबाई पांघरूण घेऊन पडवीत बसल्या होत्या. "दिलंस?"

"दिलंय. ते म्हणाले बाईंका बरा वाटूदे. फलकावर तुमची वर्गवारी घातली म्हणान सांगा म्हणाले, आणि शुद्धलेखन तपासून घेतलंय म्हणाले."

"आणि पिशवीत काय?"

तो मागच्या दाराकडे निघाला होता, तो थांबला. "एक पुस्तक आसा."

"खयचा?"

"कंबरेचा. माझी कंबर धरता ना, इंजिन उचलून. तेंका विचारलंय, मी घेवू शकतंय काय. तर म्हणाले, देहदात्याच्या नातेवाइकांची तरतूद नाय. बाईंच्या कार्डावर एक देतंय म्हणाले."

सासूबाईंनी पांघरूण बाजूला केलं. "माझ्या कार्डावर एकच मिळता."

"म्हायत आसा."

"माका मेंदूचा होया होता. मी तेंका सांगून ठेवलेला."

"ता पुढच्या खेपेक घे. पंधरा दिवसांनी."

त्यावर त्या त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलल्या नाहीत. चहा मी नेऊन दिला तेव्हा म्हणाल्या, त्याला सांग, पानं उलटायच्या आधी हात दोनदा धुवायचे आणि कोपरे दुमडायचे नाहीत. मी मागच्या अंगणात जाऊन सांगितलं. तो चुलीपाशी शब्दकोश घेऊन बसला होता आणि पहिल्याच ओळीत अडकला होता. मला म्हणाला, "हो शब्द खयच सापडाक नाय. आयेक जरा विचार."

मी परत पडवीत गेले. त्यांनी शब्द कानाने ऐकला, तोंडाने म्हणून बघितला, आणि अर्थ सांगायच्या ऐवजी म्हणाल्या, "कागद आण गो. समितीक अर्ज करूचो आसा." मी आणला. ताप असूनही अक्षर सरळ होतं. विषयाच्या ओळीपाशी त्या थांबल्या, मागच्या दाराकडे बघितलं आणि जरा मोठ्याने, तिकडे ऐकू जाईल अशा बेताने, लिहिता लिहिता वाचू लागल्या: देहदात्याच्या मुलास स्वतंत्र कार्ड मिळण्याबाबत.